बीडपासून मोजलेलं न्यूयॉर्क

बीड ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,६७५ किलोमीटर आहे. हा आकडा मी स्वतः मांडून काढला, कारण तिकीट काढताना आपल्यापुढे येतो तो नेहमी मुंबईचा आकडा. मुंबई ते न्यूयॉर्क १२,५३० किलोमीटर, थेट विमान, जाताना साधारण सोळा तास, येताना चौदा-साडेचौदा. विमानाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, ते जिथून उडतं तिथून त्याचं अंतर सुरू होतं. पण माझा धाकटा भाऊ मुंबईहून निघत नाही. तो निघतो पेठ बीडमधल्या आमच्या दारातून, देवाला हात जोडून, तळहातावरचं दही खाऊन, अण्णांच्या पाया पडून. आमच्या घरातलं न्यूयॉर्कचं अंतर त्या उंबऱ्यापासून सुरू होतं, आणि ते किती हे मला माहीत असायला हवं असं फार दिवस वाटत होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. हे गणित अवघड नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हाताशी असले की साइन-कोसाइनच्या एका ओळीत पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन मिळतो. बीड १८.९९ अंश उत्तर, ७५.७६ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. कोन येतो ११४ अंश. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की झालं.

आकडा हाती आला आणि त्यातून एकेक गोष्ट निघत गेली.

पहिली गोष्ट वजाबाकीची. बीडचं अंतर मुंबईच्या अंतरापेक्षा फक्त १४५ किलोमीटरने जास्त भरतं. बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. रस्त्याने ते चारशेच्या घरात जातं. भाऊ संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसतो, रात्रभर हेलकावे खात अहिल्यानगर, पुणे असं करत सकाळी मुंबईला पोचतो, अंग आंबून जातं, आणि एवढं करून तो न्यूयॉर्कच्या जवळ सरकलेला असतो तो एवढाच, १४५ किलोमीटर. बाकीचा सगळा प्रवास विमान जिथे उभं आहे तिथे जाऊन पोचण्याचा. आमच्या जिल्ह्याच्या गावाला आगगाडी आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला होता, त्यातला बीडपर्यंतचा टप्पा सुरू व्हायला तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांत इथली कितीतरी मुलं शिकून, परीक्षा देऊन, समुद्रापार गेली. गावात रूळ नव्हते आणि घरोघरी पासपोर्ट होते, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. ही कळली तेव्हा मी वहीत तीन वेळा पडताळून पाहिली.

बीडमध्ये उभं राहून न्यूयॉर्ककडे तोंड करायचं असेल तर कुठे बघाल? सगळे पश्चिमेकडे हात करतात. मीही कित्येक वर्षं तसाच केला असता. पण गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता बीडहून निघतो तो उत्तरेकडे, उत्तरेच्या डावीकडे फक्त पंचवीस अंश कललेला. मी ती रेषा जिल्ह्यांच्या नकाशावर उतरवली. गेवराईच्या थोडं पश्चिमेकडून ती जाते, गोदावरी ओलांडते, थेट छत्रपती संभाजीनगरवर येते. वेरूळ डाव्या हाताला ठेवून कन्नड गाठते, घाट उतरून चाळीसगाव, आणि पुढे धुळ्याच्या अगदी शेजारून. म्हणजे हा आमचा सोलापूर-धुळे हायवेच. पूर्वी त्याला २११ नंबर होता, आता ५२ आहे. बीडपासून धुळ्यापर्यंत तो न्यूयॉर्कच्या रेषेखालून चालत राहतो, फार तर दहा-बारा किलोमीटर इकडे-तिकडे.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. नोकरीतला बराच काळ त्यांनी याच रोडवर काढला. ट्रे, पंच, वेबिल आणि चामड्याची बॅग. किलोमीटरमध्ये ते कधी बोललेच नाहीत. एसटीचं भाडं टप्प्यांवर चालतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा, आणि अण्णांच्या डोक्यात सगळा महाराष्ट्र टप्प्यांत बसलेला आहे. भाऊ पहिल्यांदा गेला तेव्हा सगळे विचारत होते पगार किती, थंडी किती. अण्णांनी विचारलं, "किती टप्पे भरतील गं?" तेव्हा मी नुसतं "लई हायेत अण्णा" म्हणून वेळ मारून नेली होती. रेषा काढल्यावर वही घेऊन त्यांच्याकडे गेले. अर्धा टप्पा पुरा धरून २,११३. त्यांनी मान हलवली. आकडा त्यांना पटला, पण त्यांचं सगळं लक्ष नकाशावर होतं. बोट रेषेवर ठेवून ते म्हणाले, "म्हंजे आपल्याच रोडनं जातंय की लेकरू."

मग नकाशाकडे न बघता नावं घेऊ लागले. पाडळसिंगी, गढी, गेवराई, शहागड. शहागडला पूल. वडीगोद्री, पाचोड, आडूळ. प्रत्येक नावाला ते किंचित थांबत होते, जणू कुणी उतरतंय, कुणी चढतंय. कन्नडच्या घाटात गाडी कुठे तापायची, पाणी कुठे घालायचे, चाळीसगावला चहा कुठे बरा मिळायचा, सगळं आलं. धुळ्याला आल्यावर म्हणाले, "हितून फुडं मी न्हाई गेलो. फुडचं तू सांग."

पुढचं मी सांगितलं. धुळ्यापासून सातपुडा, नर्मदा, अबूच्या पहाडाच्या आसपास राजस्थान, थरचं वाळवंट. मग पाकिस्तानातला पंजाब, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान. तिथे रेषा अरल समुद्रावरून जाते आणि त्या जागी मला दर वेळी थांबावंसं वाटतं. अरल हे कधीकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होतं. १९६० नंतर अमुदर्या आणि सिरदर्या या दोन नद्यांचं पाणी कालव्यांनी कापसाच्या शेतांकडे वळवलं गेलं आणि सरोवर आटत गेलं. मासेमारी करणाऱ्या गावांपासून पाणी कित्येक किलोमीटर लांब गेलं, होड्या वाळूत उभ्या राहिल्या, तळाचं मीठ वाऱ्यावर उडायला लागलं. गेवराईच्या कापसाच्या पट्ट्यावरून निघालेली रेषा दुसऱ्या कापसाने पिऊन टाकलेल्या समुद्रावर जाते. दुष्काळात टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना अरल समजावून सांगायला मला फार शब्द लागत नाहीत. ती लगेच विचारतात, "मग आता तिथली माणसं कुठं गेली, मॅडम?"

अरलच्या पुढे कझाकस्तान, रशियात व्होल्गाकाठच्या समाराचा परिसर, मग फिनलंड, स्वीडन, नॉर्वे. नॉर्वे आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रावर रेषा साडेसहासष्ट अंशांपर्यंत चढते, उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ टेकते. तिथून उतार लागतो. आइसलंडची उत्तर बाजू, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, अमेरिकेतलं मेन राज्य आणि न्यूयॉर्क. बीड एकोणीस अंशांवर, न्यूयॉर्क एक्केचाळीसवर, आणि मधला जवळचा रस्ता जातो बर्फाच्या काठाने.

हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही. सपाट नकाशा आपल्या डोळ्यांत लहानपणापासून इतका भिनलेला असतो की पट्टी ठेवून मारलेली रेघ हाच सरळ रस्ता वाटतो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक पार करते. त्या रेघेने प्रत्यक्ष गेलं तर १४,२०० किलोमीटर पडतात. सोळाशे-सतराशे किलोमीटरचा फेरा, आणि तो सरळ दिसतो म्हणून आपण त्याला सरळ म्हणतो.

म्हणून मी शाळेतला पृथ्वीगोल काढते. तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे, हिंदी महासागरावर पोपडा निघालेला, पण अजून फिरतो. सातवीच्या वर्गातल्या एका मुलीला बोलावलं. एका हाताच्या बोटाने शिवणाचा दोरा बीडवर दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने न्यूयॉर्कवर. आधी तिने दोरा आपसूक पट्टीच्या रेघेसारखा लावला, अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या डोक्यावरून. दोरा सैल होता. मी म्हटलं, आता ओढ. तिने ताणला, आणि दोरा घसरला. इजिप्त सोडला, भूमध्य समुद्र सोडला, युरोपावरून वर वर सरकत गेला आणि आइसलंडजवळ जाऊन गप्प बसला. तिने परत सैल करून परत ओढला. परत तिथेच. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम तो आफ्रिकेकडे लोटून ओढला. दोरा पुन्हा आपल्या जागेवर गेला. मागच्या बाकांवरची मुलं एव्हाना टेबलाभोवती आली होती. कुणी काही म्हणायच्या आधी ती मुलगीच म्हणाली, "त्याला रस्ता माहितीये."

दोरा पट्टीवर मोजला. तीस सेंटिमीटरला एखादा-दोन मिलिमीटर कमी. बीड ते मुंबई मोजायला गेलो तर सात मिलिमीटर, दोन बोटांच्या टोकांत जागाच उरत नाही. एकाने विचारलं, विमान किती उंचावरून जातं? अकरा किलोमीटर धरले तर या गोलावर पाव मिलिमीटर. आमचा दोरा साधारण तेवढ्याच जाडीचा. म्हणजे विमान त्या दोऱ्याच्या वरच्या कडेवरून चाललंय. हे ऐकल्यावर मुलं खाली वाकून, गोलाच्या कडेला डोळा लावून दोऱ्याची जाडी बघू लागली. आकाश इतकं पातळ आहे, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

खरं विमान मात्र दोऱ्यासारखं जात नाही. त्याला कुणाच्या ना कुणाच्या हद्दीतून जावं लागतं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि त्यानंतर रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, आणि उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात मध्येच उतरावं लागू लागलं. जमिनीवरचं भांडण आकाशात गेलं की किलोमीटर वाढतात. अण्णा याला रास्ता रोको म्हणतात, आणि त्यांच्या अनुभवातला तो अगदी नेमका शब्द आहे.

दुसरा मालक वारा. नऊ-दहा किलोमीटरच्या वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे असतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. जपानमधले हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून त्यांची मापं घेतली आणि १९२६ मध्ये आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला. जगाने वाचावा म्हणून त्यांनी ती भाषा निवडली, आणि त्याच भाषेमुळे तो फारसा कुणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बाँबफेकी विमानांना हा वारा थेट अंगावर आला तेव्हा जगाला तो कळला. एका माणसाने मन लावून केलेलं मोजमाप असं पडून राहिलं याचं मला आजही वाईट वाटतं. मी वर्गात त्यांचं नाव फळ्यावर लिहिते.

जाताना सोळा आणि येताना चौदा का, याचं उत्तर हा वारा. इथे दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, पृथ्वी फिरते ना? मग विमान वर नुसतं थांबून राहिलं तर न्यूयॉर्क आपोआप खाली येईल की!" प्रश्न चांगला आहे. बीडची जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे पळतेय. पण आपल्यासोबत हवाही पळतेय, झाडंही, विमानही. म्हणून थांबून काही मिळत नाही, वाऱ्याचा हिशेब मात्र मांडावाच लागतो. ऑक्टोबर २०१६ पासून एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान पश्चिमेऐवजी पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. तो रस्ता सुमारे १५,३०० किलोमीटरचा, अटलांटिकवरचा १३,९०० चा. लांबचा रस्ता असूनही विमान जवळजवळ दोन तास आधी पोचायचं, कारण वारा पाठीशी. येताना ते अटलांटिकवरून यायचं, तेव्हाही वारा पाठीशी. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा.

आई गेली तो जानेवारी होता. मंगळवारची पहाट. भावाला फोन लावला तेव्हा तिकडे सोमवारची संध्याकाळ होती, तो ऑफिसमधून नुकताच घरी आला होता. त्याच्या कॅलेंडरवर आई सोमवारी गेली. रात्रीच्या विमानात जागा मिळाली नाही, दुसऱ्या दिवशीचं मिळालं. आमच्याकडे वाट बघून किती बघणार? दुपारी आईला नेलं. चुलतभावाने फोन उंच धरला होता आणि त्यात भाऊ दिसत होता, स्वेटरमधला, मागे खिडकीत रस्त्यावरचा दिवा. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. त्याने शेवटपर्यंत फोन ठेवला नाही.

हिवाळ्यातलं विमान, वारा भरून होता. ते वेळेच्या आधी मुंबईत उतरलं. तिथून गाडी करून तो निघाला आणि पुढचे सगळे तास रस्त्यात गेले. एक्स्प्रेस वेवर ट्रॅफिक, पुण्याबाहेर ट्रॅफिक, अहिल्यानगरच्या पुढे कामासाठी उकरलेला रस्ता. रात्री उशिरा दारात गाडी थांबली. अण्णा ओट्यावर बसूनच होते. "आलास?" एवढंच म्हणाले. सकाळी तिसऱ्या दिवसाचं सावडणं होतं, त्याला तो होता. अर्धं जग त्याने जेवढ्या वेळात ओलांडलं त्याच्या निम्म्याहून जास्त वेळ मुंबई-बीडला लागला. त्या रात्री मला त्या १४५ किलोमीटरची फार चीड आली होती. संभाजीनगरला चिकलठाण्याचा विमानतळ आहे, बरोबर त्या रेषेखाली. तिथे परदेशातून येणारं विमान उतरत असतं तर, असं आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही, पण दोघांच्याही मनात ते होतं.

वर्षश्राद्धाची वेळ आली तेव्हा भावाने विचारलं, "ताई, मी तिकडे कुठल्या दिवशी करू?" गुरुजी म्हणाले, तिथी बीडच्या सूर्योदयावर धरायची, आई इथे गेल्या. ते ऐकून मला बरं वाटलं. मोजायला इथून सुरुवात करायची, हे त्यांनीही मान्य केलं होतं.

सूर्याचाच विषय निघाला म्हणून सांगते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं, मिर्झापूरजवळच्या. बीड त्याच्या पश्चिमेला, म्हणून आमचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटं मागे असतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो. बीड आणि न्यूयॉर्कच्या सूर्यात अंतर आहे नऊ तास अठ्ठावन्न मिनिटांचं. तिकडे मार्च ते नोव्हेंबर घड्याळ पुढे केलेलं असतं तेव्हा साडेनऊ तास म्हणायचं, हिवाळ्यात साडेदहा. सूर्य मात्र बारा महिने दहा तासांना दोन मिनिटं कमी. अण्णांनी साडेनऊ-साडेदहाची भानगड कधी लक्षात ठेवली नाही. ते सरळ दहा धरतात, आणि सूर्याच्या बाजूने तेच जास्त खरं आहे.

आणि ७५.७६ रेखांशाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. उज्जैनचा रेखांशही ७५.७७ च्या आसपास आहे. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच हे शून्य ठरलं. त्याच्या आधी कित्येक शतकं भारतीय ज्योतिषी आपली मध्यरेषा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी धरत आणि इतर गावांचं देशांतर तिच्यापासून काढत. ती रेषा उज्जैनहून सरळ दक्षिणेला ओढली की साडेचारशे किलोमीटरवर बीड लागतं. अगदी बीडच. म्हणजे ग्रीनिच जिथे आज आहे त्या शून्यावर त्या काळी आमचं गाव होतं.

भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत लिहिलंय की विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर अवंती, म्हणजे उज्जैन आहे. सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश, आजच्या मापाने ते तेवीसच्या जरासं वर भरतं. परीघ त्यांनी ४,९६७ योजनं दिलाय. रीत सांगितली ती मी आजही वर्गात जशीच्या तशी वापरते. एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावं घ्या, दोन्हींचे अक्षांश घ्या, मधलं अंतर मोजा, त्रैराशिक मांडा, सगळी पृथ्वी मिळते. त्यांचं जन्मगाव विज्जलविड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते ते बीडच, काहींच्या मते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात. पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शके ११२८ चा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा. कन्नडचा घाट उतरलं की डोंगराच्या पायथ्याला ते पाटण. बीडहून न्यूयॉर्कला जाणारी रेषा त्याच्याजवळून जाते. मला यात कुठलाही चमत्कार म्हणायचा नाही. एवढंच म्हणायचं आहे की पृथ्वी मोजण्याचं काम या रोडवर आधीही झालेलं आहे, आणि आमच्या मुलांनी ते दुसऱ्या कुणाच्या विमानतळापासून सुरू करायचं कारण नाही.

म्हणून यंदा मी मुलांना सांगितलं, तुमचं जे माणूस लांब आहे त्याचं गाव घ्या आणि शाळेच्या फाटकापासून अंतर काढा. एकाचा मामा रियाधला, एकीचा काका दुबईला, एकाची बहीण पुण्याला नर्सिंगला. दोरे लागले, पट्ट्या लागल्या. दोरा ताणणारी ती मुलगी मात्र गोलाजवळ उभी राहून काही करेना. तिचे आई-वडील दसऱ्यानंतर कोल्हापूरकडच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेलेत. ती आजीजवळ असते. तिने दोरा बीडवर ठेवला, कोल्हापूरवर ठेवला. सात मिलिमीटर. मुंबईइतकंच.

"मॅडम, हे तर मोजायलाच येत नाही."

मी कपाटातून महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा काढला. त्याचं प्रमाण एकास दहा लाख, एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर. जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार वह्या ठेवल्या. न्यूयॉर्कसाठी कापलेला तो दोरा तिच्या हातातच होता. तिने तो बीडवर धरला, नैर्ऋत्येकडे ताणला आणि त्याचं दुसरं टोक कोल्हापूरवर पडलं. तीनशे किलोमीटर, तीस सेंटिमीटर. तिने दोनदा पाहिलं. मग वही उघडून बसली. रस्त्याने साडेतीनशेच्या पुढे, मागे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ताशी अठराच्या वर जात नाही, असं तिनेच सांगितलं, लहानपणी ती त्यात बसून गेलेली आहे. भागाकार केला. एकोणीस तासांच्या वर आले, त्यात जेवणाचे आणि बिघाडाचे थांबे धरलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या विमानाला सोळा. तिने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, एकोणीसच्या भोवती गोल केला आणि विचारलं, यात टप्पे किती होतात ते काढू का. मी म्हटलं काढ, आणि अण्णांना दाखवायला ती वही घरी घेऊन आले.